वाघ नको, वाघ्या हवा

आमच्या तालुक्याच्या गावाला कुठल्याही रस्त्यानं जा, फाट्यापासूनच वाघ तुमच्या स्वागताला उभे असतात. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाचं नुसतंच अभिनंदन. फ्लेक्सच्या मधोमध गॉगल घातलेला एखादा भाऊ, त्याच्या खांद्यामागून जबडा वासलेला वाघ आणि खाली शुभेच्छुकांचे पासपोर्टाएवढे पन्नास चेहरे. पंचायत समितीचा माजी सदस्य वाघ, सोसायटीचा चेअरमन वाघ, वाळूच्या ट्रॅक्टरचा मालक तर ढाण्या वाघ. सगळ्या तालुक्यात धड जंगल म्हणावं असं काही नाही. मग एवढे वाघ राहतात कुठं आणि खातात काय, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मला पडतो. कारण वाघ काय खातो ते साऱ्यांना माहीत आहे, आणि आपण गावातली माणसं त्याच्या ताटात कुठं बसतो, तेही.

नवीन निवडून आलेले सदस्य आणि गावातली होतकरू पोरं यांच्यासाठी मध्यंतरी एक नेतृत्व शिबिर झालं. जुना मास्तर म्हणून मलाही पुढच्या रांगेत खुर्ची मिळाली. शहरातून आलेले व्याख्याते चांगले बोलके होते. सकाळच्या सत्रात पडद्यावर सिंह. नेता कसा असावा? सिंहासारखा. एकटा चालणारा, मागं वळून न बघणारा, डरकाळीनं रान हलवणारा. दुपारी जेवणानंतर पडद्यावर कुत्रा. कार्यकर्ता कसा असावा? कुत्र्यासारखा इमानी. मालक रागावला तरी शेपूट हलवणारा, उद्याची काळजी न करणारा, फेकलेला चेंडू आणून देणारा. व्यक्तिमत्त्व विकास म्हणजे काय, तर रोज सकाळी उठून कुत्र्यासारखं आनंदी राहणं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. चहा झाला, प्रमाणपत्रं वाटली.

मला या शिकवणीशी भांडायचं आहे. ती साफ उलटी आहे, आणि तिची किंमत गावं मोजतात.

आधी वाघाचं बघू. वाघ मोठं देखणं जनावर आहे, जंगलात त्याचा मान आहे, आणि तो टिकला पाहिजे याबद्दल वाद नाही. पण त्याचा स्वभाव काय? तो एकटा राहतो. स्वतःची हद्द आखतो आणि तिच्यात दुसऱ्या नराला खपवून घेत नाही. पिल्लं वाढवायची ती वाघिणीनं. दोनेक वर्षं शिकार करून घालायची ती तिनंच. वाघ कुणाची राखण करत नाही. त्याला राखणीची गरजच नाही, कारण ज्याच्यापासून राखायचं ते संकट तो स्वतःच असतो. अशा जनावराला गावाचा आदर्श करायचं म्हणजे मेंढरांनी लांडग्याचा सत्कार ठेवण्यासारखं आहे. फरक इतकाच, की मेंढरांना वर्गणी द्यावी लागत नाही.

आता कुत्र्याचं. इथं मी पडद्यावरच्या गुबगुबीत कुत्र्याबद्दल बोलत नाही. मी बोलतोय धनगराच्या कुत्र्याबद्दल.

आमचं गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं. माझ्या लहानपणी उन्हाळा सरत आला, की कोकणात उतरलेले धनगर परतीच्या वाटेवर आमच्या शिवारात थांबायचे. पेरणीआधी रानात मेंढरं बसवायची, म्हणजे लेंडीखत आयतं मिळायचं. आमचे आजोबा आणि म्हातारा धनगर बांधावर बसून सौदा करायचे. इतक्या रात्री, इतकी मेंढरं, त्याची इतकी ज्वारी. संध्याकाळी रानाच्या मधोमध जाळीचं वाघर लागायचं, मेंढरं आत जायची, कोकरं डालग्याखाली जायची, घोड्यावरचं बिऱ्हाड उतरायचं आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी पडायला लागायच्या. आम्ही पोरं दिवस मावळेपर्यंत तिथंच घुटमळायचो.

त्या तळावर एक कुत्रं होतं. उंच, सडपातळ, एक कान फाटलेला. नाव वाघ्या. धनगरांच्या दर दुसऱ्या तळावर एक तरी वाघ्या असायचाच. खंडोबाच्या दारात स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवून घेणाऱ्या भक्तालाही आपण वाघ्याच म्हणतो. मला यात मोठं शहाणपण दिसतं. आपल्या जुन्या माणसांनी वाघाचं नाव घेतलं, पण दिलं ते राखणदाराला. वाघाचं बळ असावं आणि काम कुत्र्याचं करावं, असा त्याचा अर्थ. आजच्या फ्लेक्सवाल्यांनी नाव ठेवलं, काम टाकून दिलं.

हा वाघ्या रात्री कुठं झोपायचा? चुलीच्या उबेला नाही. धनगरणीच्या पाठीशी नाही. वाघराच्या बाहेर, ज्या बाजूला ओढा होता त्या अंगाला. लांडगा यायचा तो ओढ्यातूनच. कळप चालायला लागला की पुढं म्हातारा आणि त्याच्यामागं एक जुनी शेळी. वाघ्या कधी पुढं दिसला नाही. तो कडेनं आणि बराचसा मागं, जिथं लंगडणारं मेंढरू असायचं तिथं. खायचा सगळ्यात शेवटी, उरलेली भाकरी ताकात कुस्करून. मिरवणुकीत पहिल्या रांगेसाठी हाणामारी करणाऱ्यांना मी विचारतो, तुमच्या कळपातलं लंगडं मेंढरू कुठं आहे, ते शेवटचं कधी बघितलं होतं?

इमानाची गोष्टही तिथंच कळली. मी म्हाताऱ्याला विचारलं होतं, “आबा, तुमचं कुत्रं लई इमानी हाय ना?” म्हातारा भाकरी मोडत म्हणाला, “माझं कुठलं रं पोरा? मेंढरांचं हाय ते. डोळं उघडायच्या आधीपास्नं कोकरांत वाढलंय. मी मेलो तरी ते मेंढरांमागनंच जाईल.”

हे वाक्य शिबिराच्या पडद्यावर लावायला पाहिजे होतं. आपण ज्याला निष्ठा म्हणतो ती मालकाशी. ‘निष्ठावंत’ म्हणजे साहेबांचा माणूस, दादांचा माणूस, भाऊंचा माणूस. साहेबांनी पक्ष बदलला की याचाही बदलतो. धनगराच्या कुत्र्याचं इमान कळपाशी असतं. म्हाताऱ्याला त्याचं दुःख नव्हतं. उलट त्याचा सगळा भरवसाच त्यावर होता.

एका रात्री आजोबा कंदील घेऊन रानात गेले. सौद्याइतकी मेंढरं बसवलीत की नाही, हे गुपचूप मोजायचं त्यांच्या मनात होतं. वाघरापासून दहा पावलांवर वाघ्यानं त्यांना अडवलं. चावला नाही, पण पुढं पाऊल टाकू देईना. रान आमचं, ज्वारी आमची, आजोबा गावातले मानकरी. ते तिथं कंदील धरून उभे, आणि समोर कुत्रं दात विचकून. आरडाओरडा ऐकून म्हातारा उठला. आजोबा तापलेले. म्हणाले, “माझ्याच रानात माझ्यावर भुकतंय? दोन काठ्या घाल त्याला.” म्हाताऱ्याच्या हातात काठी होती. त्यानं ती जमिनीला टेकवली आणि म्हणाला, “मालक, मेंढरं मोजा, मी संगट येतो. पर काठी घालायची न्हाई. आज तुमच्यावर भुकलं म्हून मारलं, तर उद्या लांडग्यावर भुकायचं इसरंल.”

आजोबांनी मेंढरं मोजली. सौद्यापेक्षा चार जास्त भरली. पुढं कितीतरी वर्षं पारावर बसून ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे, आणि शेवटी म्हणायचे, “कारभारी कसा असावा, तर त्या धनगरासारखा.” मला त्यात एवढीच भर घालायची आहे, की कारभारी त्या कुत्र्यासारखाही असावा. एक भुंकतो आणि दुसरा भुंकणाऱ्याला मारत नाही. नेतृत्वाचे हे दोन भाग आहेत आणि दोन्ही मिळूनच ते पुरं होतं.

कुणी म्हणेल, मास्तर, हे धनगराचं शहाणपण वाघरापुरतं ठीक आहे, मोठ्या राज्याला काय कामाचं? तर महाभारत काढा. आदिपर्वाच्या सुरुवातीच्या भागातच एक कुत्री न्याय मागायला येते. जनमेजय राजा कुरुक्षेत्रात यज्ञ करतोय, तिथं सरमेचं पिल्लू आलं. राजाच्या तीन भावांनी त्याला झोडपलं. पिल्लू रडत आईकडं गेलं. आईनं विचारलं, तू काही आगळीक केलीस का? ते म्हणालं, हविष्याकडं पाहिलं नाही, त्याला तोंड लावलं नाही. तेव्हा सरमा थेट यज्ञमंडपात गेली आणि तिनं जाब विचारला. कुणी उत्तर देईना. मग तिनं शाप दिला, की निरपराध्याला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल. राजा घाबरला. पण भावांना त्यानं जाब विचारल्याचं तिथं काही दिसत नाही. तो शाप निवारण्यासाठी चांगला पुरोहित शोधायला लागला. हे वाचताना मला आपलंच राज्य दिसतं. चूक दाखवली की आपण चूक दुरुस्त करत नाही, शांती घालतो.

सरमेच्या शापाचा अर्थ मला त्या म्हाताऱ्या धनगरामुळं लागला. भुंकणाऱ्याला मारलं की भय येतंच, आणि ते न दिसणारंच असतं, कारण दाखवणारा गप्प झालेला असतो. त्याच ग्रंथाच्या शेवटाकडं पुन्हा एक कुत्रा येतो. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडले, धर्मराजाबरोबर तेवढा एक कुत्रा उरला. त्याला टाकून स्वर्गात यायला धर्मराज नाही म्हणाला. इतकं मोठं राज्य चालवलेल्या माणसाची शेवटची परीक्षा, सोबत चालत आलेल्या मुक्या जनावराला सोडतोस का, ही होती. आमच्याकडं निवडणूक झाली की दुसऱ्या दिवशी बूथवर राबलेली पोरं ओळख विसरली जातात.

सरमा ऋग्वेदातही आहे, दहाव्या मंडळात. पणींनी गाई पळवून लपवलेल्या, सरमा माग काढत तिथं पोचते. पणी तिला धमकावून बघतात, मग गोड बोलतात. आमची बहीण हो, इथंच राहा, गाईंचा वाटा देतो. ती नाही म्हणते. बहीण-भाऊपणा मला ठाऊक नाही, असं सुनावते. वाटा नाकारणं ही राखणदाराची पहिली अट, हे इतकं जुनं ज्ञान आहे. चोर भिंतीवरून उडी मारायच्या आधी भाकरीचा तुकडा फेकतो, हे खेड्यातल्या पोरालाही माहीत असतं.

आता भाकरीचा तुकडा काय करतो ते सांगतो. आमच्या भागात एक पतसंस्था होती. नाव घेत नाही. संचालक मंडळावर सगळे फ्लेक्सवरचे वाघ. आमच्या शेजारच्या वैनींनी नवऱ्यामागं शेळ्या पाळून, दूध घालून जमवलेले ऐंशी हजार तिथं ठेवले होते, पोरीच्या लग्नासाठी. संस्थेतून मोठी कर्जं कुणाला जातात, तारण काय, वसुली का थांबली, हे संचालकांना दिसत नव्हतं असं कुणी म्हणू नये. दिसत होतं. पण कुणाला मेहुण्याच्या नावावर कर्ज मिळालेलं, कुणाच्या पोराला नोकरी, कुणाला सभेचा भत्ता आणि वर्षाला एक सहल. तोंडात भाकरी असली की भुंकता येत नाही, हे साधं शरीरशास्त्र आहे. एक खालचा कारकून तेवढा बोलला. कागद अपुरे आहेत, असं त्यानं लिहून दिलं. त्याला आधी लांबच्या शाखेत टाकलं, मग घरी बसवलं. त्यानंतर दीड वर्षात संस्थेला कुलूप लागलं. वैनींना आजपर्यंत त्यातले वीस हजारही मिळालेले नाहीत. पोरीचं लग्न दोन वर्षं थांबलं आणि शेवटी उसनवारीवर झालं. वाघ मात्र दुसऱ्या संस्थेच्या फ्लेक्सवर गेले.

या गोष्टीत नेता कोण? माझ्या हिशेबी तो कारकून. व्याख्यात्यांच्या हिशेबी त्याला ‘टीम’मध्ये राहता आलं नाही.

दुसरं उदाहरण चांगलं आहे. २०१३ च्या दुष्काळात गावाला टँकर लागले. कागदावर रोजच्या खेपा एक आणि विहिरीत पडायच्या वेगळ्या, अशी कुजबुज होती. ग्रामपंचायतीत एक बाई सदस्य होत्या, चौथी शिकलेल्या. त्या रोज विहिरीवर उभ्या राहायच्या आणि प्रत्येक टँकर मोजून शाळेच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर खडूनं आकडा लिहायच्या. भाषण नाही, आरोप नाही. तारीख आणि खेपा. आठवड्याभरात साऱ्या गावाच्या तोंडी तो आकडा झाला. काही मोठी माणसं पारावर हसून म्हणाली, “भुकतीय, भुकू द्या.” मला ते वाक्य फार आवडलं. त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांनी तिचा सन्मान केला होता. महिन्याभरात कागद आणि विहीर यांचा मेळ बसायला लागला.

पुढच्या निवडणुकीत त्या पडल्या. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर मीही त्या व्याख्यात्यांसारखाच गोड बोलणारा ठरेन. राखणदारी फुकट होत नाही. आता आमच्या जिल्ह्यांत उसात बिबट्या शिरलाय. अकोल्याच्या बाजूला अभ्यासकांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार तपासला, तर त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. अंगणात जो बाहेर झोपतो, तोच आधी उचलला जातो. ‘कुत्र्यासारखं आनंदी राहा’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं. ज्याला नेतृत्व करायचंय त्यानं ओढ्याच्या अंगाला झोपायची तयारी ठेवावी, आणि ज्याला ती नाही त्यानं खुशाल आत झोपावं. आत झोपणं पाप नाही. आत झोपून बाहेर वाघाचा फ्लेक्स लावणं हे मात्र आहे.

माझ्यावर आक्षेप येणार, तेही मला ठाऊक आहे. कुत्रं चावतं, पिसाळतं, रात्री झोपू देत नाही. खरं आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा थट्टेचा विषय नाही. जखम साबणानं भरपूर धुऊन ताबडतोब दवाखाना गाठून लस घ्यायची असते, बुवाकडं जायचं नसतं. आणि प्रत्येक भुंकणं राखणीचंही नसतं. मोटारसायकलमागं धावणारी कुत्री तुम्ही बघितलीत. गाडी पुढं जाईपर्यंत जीव तोडून भुंकतात, आणि गाडी थांबली की आता काय करायचं ते त्यांना कळत नाही. आमच्याकडं अशी मंडळी रोज माईकवर असतात. सत्तेत नसताना भुंकतात, सत्ता थांबून दार उघडते तेव्हा आत बसतात. धनगराचं कुत्रं असं उगाच भुंकत नाही. आधी कान टवकारतं, वाऱ्याला नाक लावतं, आपल्याला न ऐकू येणारं ऐकतं, आणि मगच तोंड उघडतं. म्हणून ते भुंकलं की धनगर उठतो. व्यक्तिमत्त्व विकास करायचाच असेल तर तो इथून करावा. शेपूट हलवायला शिकू नका, कान टवकारायला शिका. कुणाची चूल दोन दिवस पेटली नाही, कुणाचं पोरगं शाळेतून गळालं, कुणाच्या बोअरचं पाणी आटलं, हे विचारायच्या आधी ज्याला कळतं, तो नेता. बाकीच्यांचा फक्त वाढदिवस असतो.

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि गावाच्या कारभाराला घटनेचा आधार मिळाला. आपल्या राज्यात सरपंच थेट जनतेतून निवडायचं २०१७ ला ठरलं, २०२० ला ते फिरवलं, २०२२ ला पुन्हा आणलं. निवडायची रीत तीनदा बदलून झाली. कसल्या माणसाला निवडायचं, याची आपली कल्पना एकदाही बदलली नाही. अजून आपल्याला वाघच लागतो.

म्हणून पुढच्या खेपेला मत मागायला कुणी दारात आला, तर त्याला रस्ता, गटार, सभामंडप यांच्या आधी तीन गोष्टी विचारा. दादा, तू रात्री कुठल्या अंगाला झोपतोस? शेवटचा कधी आणि कुणावर भुंकलास? आणि तुझ्या तोंडात आत्ता कुणाची भाकरी आहे? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तर त्याचा पक्ष कुठला हे विचारू नका.

आणि एक काम आपलंही आहे, ते नेत्यावर ढकलता येणार नाही. ग्रामसभेत एखादा उठून हिशेब मागतो, तेव्हा सगळ्यात आधी आपणच म्हणतो, “बस की गप, कशाला उगाच?” ही आपण घातलेली काठी असते. ती जमिनीला टेकवायला शिका. कुणी भुंकत असेल तर कंदील उचला, वाघराजवळ जा, मेंढरं मोजा. चार जास्त भरली तर आनंदच आहे. कमी भरली, तर निदान ते अंधार असतानाच कळेल. सकाळी कळून काही उपयोग नसतो.